डायनासोरच्या जेवणात काय होतं?

दोस्तांनो, संग्रहालयात गेलात की आधी कुठे धावता? मोठ्ठ्या हाडांकडे ना? मीही! पण कोपऱ्यातला साधासा दगड सोडू नका हं. तो कदाचित डायनासोरची शी असेल!

नाक मुरडू नका! तिला मुळीच वास येत नाही. कोट्यवधी वर्षं मातीखाली राहून तिचा दगड झालाय. अशा दगडांना जीवाश्म म्हणतात. सिरोंच्याकडे वडधमच्या जीवाश्म पार्कात तर अख्खे झाडाचे बुंधे दगड होऊन पडलेत!

आणि अशी शी मिळाली कुठे, सांगा पाहू? आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात! वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा गावी. लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनासोरची ती असावी, असं शास्त्रज्ञ म्हणतात.

मग शास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडांच्या आत काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काय दिसलं असेल? ओळखा!

गवत!

छे, हिरवी पात नव्हे. गवताचे काचेसारखे कण! ते कसे बनतात माहितीये? गवत मुळांनी पाणी पितं. त्या पाण्यात सिलिका असते. वाळूत असते ना, तीच. पातीच्या आत डोळ्यांना न दिसणारे कप्पे असतात, त्यांना पेशी म्हणतात. सिलिका त्यांत भरते आणि घट्ट होते. इडलीपात्रातलं पीठ कसं साच्याचा आकार घेतं, अगदी तस्सं! गवत उपटताना बोट कापतं ना? तीही या सिलिकाचीच करामत.

पात पोटात पचून जाते. कण मात्र पचत नाहीत, कुजत नाहीत. आकारावरून ते कुठल्या वनस्पतीचे, तेही कळतं!

ही बातमी 2005 मध्ये छापून आली आणि जगभरचे शास्त्रज्ञ चकित झाले. तोवर बहुतेकांना वाटायचं, डायनासोर संपले आणि मग कधीतरी गवत आलं. पण पिसदुऱ्याची शी होती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची! जेवणात ताडमाडांच्या जातीची झाडं होती, इतर पाला होता आणि थोडं गवतसुद्धा!

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. 2011 मध्ये कळलं, त्यातलं काही गवत धानाच्या नात्यातलं होतं. म्हणजे आज गडचिरोलीच्या बांधीत डोलणाऱ्या धानाचे नातलग तेव्हा डायनासोर चरत होते!