तारखेचा रकाना

नोकरी गेल्यावर : भाग ६

मागच्या भागात आपण फुल अँड फायनलचा हिशेब पाहिला. लॅपटॉप परत गेला, ओळखपत्र जमा झालं, पैसे आले किंवा अडकले. आता अर्ज करायचे. रेझ्युमे उघडला की सगळ्यात वर, शेवटच्या नोकरीपुढे, दोन तारखांची जागा असते. कधीपासून, कधीपर्यंत. यातली दुसरी तारीख टाइप करताना बोटं थांबतात, आणि आजचा सगळा भाग या थांबण्याबद्दल आहे.

२००९च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. मंदीचे दिवस होते, परदेशातल्या ग्राहकाने प्रोजेक्ट बंद केलं आणि आमची अख्खी टीम घरी आली. जून उजाडला तरी मी अर्जच करत होते. एका रात्री रेझ्युमेतलं 'फेब्रुवारी २००९' खोडलं आणि तिथे 'आजतागायत' असं लिहिलं. एकच शब्द. केलेलं काम खरं होतं, पदवी खरी होती, त्यामुळे हे खोटं आहे असं मला वाटलंसुद्धा नाही. मुलाखत उत्तम झाली. उठता उठता समोरच्या बाईंनी विचारलं, "मे महिन्याची सॅलरी स्लिप आणलीत का?" मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी फाइल मिटली, चहा घेणार का विचारलं, दोन दिवसांत कळवते म्हणाल्या. फोन आला नाही.

पुढे बारा वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. भरतीचं काम केलं, शेकडो अर्ज तपासले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली : कामावरून कमी केलेला माणूस सहसा पदवी खोटी लिहीत नाही. त्याने वर्षानुवर्षं खरंच काम केलेलं असतं, कौशल्याबद्दल खोटं बोलायची त्याला गरज नसते. तो तारीख बदलतो. जास्त काही मिळावं म्हणून नव्हे, घरी बसलेले महिने कुणाला दिसू नयेत म्हणून. बढाई मारणाऱ्याचं खोटं आणि लाज वाटणाऱ्याचं खोटं कागदावर सारखंच दिसतं, आणि तपासणारा दोघांना एकाच मापाने मोजतो.

ही लाज नेमकी कुठून येते? आपल्याकडे नोकरी जाते तो प्रसंगच मुळी कागदावर नोंदला जात नाही. एका खोलीत बोलावतात. एचआरची व्यक्ती असते, वरिष्ठ असतात. "राजीनामा द्या, म्हणजे रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल. नाहीतर टर्मिनेशन काढावं लागेल." माणूस घाबरतो, मेल टाइप करतो, कधीकधी मजकूरही कंपनीच सांगते : वैयक्तिक कारणास्तव. पुढच्या महिन्यात हातात पत्र येतं, 'आपण स्वेच्छेने राजीनामा दिलात, आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा.' या राजीनाम्याची किंमत रोख रकमेत मोजता येते. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराची कपात केली, तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. स्वेच्छेच्या राजीनाम्यावर ती देणं लागत नाही. म्हणजे या गोष्टीतलं पहिलं असत्य उमेदवाराने लिहिलेलंच नसतं, ते त्याच्याकडून लिहून घेतलेलं असतं. आणि मग तोच माणूस पुढच्या कंपनीच्या फॉर्मसमोर बसतो, तिथे विचारलेलं असतं : नोकरी सोडण्याचं कारण. हा अन्याय आहे, आणि माझ्या व्यवसायातल्या लोकांनी तो वर्षानुवर्षं चालवला आहे. मीही त्या खोलीत बसले आहे.

त्या रकान्यात काय लिहावं हे मला पत्रांतून वारंवार विचारलं जातं. पत्रावर राजीनामा असेल तर 'राजीनामा' लिहा, कारण पडताळणीत तेच निघणार. पण 'अधिक चांगल्या संधीसाठी' असं पुढे जोडू नका. 'विभागातील मनुष्यबळ कपात' एवढे शब्द पुरतात. मुलाखतीत विचारलं तर सरळ सांगा की टीम कमी झाली आणि राजीनामे मागितले गेले. समोरचा माणूस वर्तमानपत्र वाचतो. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करण्याचं जाहीर केलं, ती बातमी त्यानेही वाचलेली असते. त्याच्या स्वतःच्या घरातही कुणी असू शकतं.

आता तारखा पकडल्या कशा जातात ते पाहू. अनेकांना वाटतं की कुणीतरी जुन्या कंपनीत फोन करतो आणि तिथला ओळखीचा माणूस सांभाळून घेतो. तसं पूर्वी चालायचं. पण २०१४पासून भविष्य निर्वाह निधीचा यूएएन आला, बारा अंकांचा, नोकऱ्या बदलल्या तरी कायम राहणारा. त्या क्रमांकाखाली तुमच्या प्रत्येक नोकरीची रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि महिन्याचं अंशदान सापडतं. वेगळ्या वाटेने तीच गोष्ट प्राप्तिकराच्या २६ एएस या विवरणात दिसते : कुठल्या मालकाने कुठल्या तिमाहीत तुमचा कर कापून भरला. पडताळणी करणाऱ्या संस्था यूएएन मागतात, तुम्ही संमतीच्या कागदावर सही केलेली असते, आणि चार महिन्यांची फुगवलेली तारीख काही मिनिटांत उघडी पडते.

यातली क्रूर गोष्ट वेळेची आहे. ही तपासणी बऱ्याचदा ऑफर हातात पडल्यावर होते, कधी रुजू झाल्यावरही. तोवर माणसाने बाकीच्या दोन कंपन्यांना नाही म्हटलेलं असतं, घर बदललेलं असतं, मुलाच्या शाळेची फी भरलेली असते. अर्जाच्या तळाशी 'माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल' या ओळीखाली त्याची सही असते. एकदा गेलेली नोकरी दुसऱ्यांदा जाते, आणि यावेळी कारण खरोखरच त्याच्या नावावर लागतं.

सडलेला दात आणि ओरखडा यांत जसा फरक, तसा खोट्यातही आहे. शहरांत अशा 'कन्सल्टन्सी' आहेत ज्या पैसे घेऊन अनुभव विकतात : बंद पडलेल्या किंवा कागदावरच्या कंपनीचं पत्र, सॅलरी स्लिप, फोनला उत्तर देणारा माणूस, सगळं पॅकेजमध्ये. नोकरी गेलेल्या तरुणाला, विशेषतः वर्ष-दीड वर्ष घरी बसलेल्याला, हे लोक बरोबर शोधून काढतात. त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवज तयार करणं कलम ३३६ खाली येतं, आणि तो बनावट आहे हे माहीत असून खरा म्हणून वापरणं कलम ३४० खाली. पत्र विकणारा दुकान बंद करून पसार होतो, वापरणाऱ्याचं नाव मात्र फाइलमध्ये राहतं.

जुनी खोटी नोंद कालांतराने विरून जाते असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स यांनी २००७मध्ये राजीनामा दिला. १९७९ साली तिथे नोकरी धरताना त्यांनी न मिळवलेल्या पदव्या लिहिल्या होत्या. मधली अठ्ठावीस वर्षं त्यांनी केलेल्या कामाचं सगळे कौतुक करत होते, आणि ज्या कामासाठी त्या नेमल्या गेल्या त्याला त्या पदव्यांची गरजही नव्हती. हे वाचलं की मला त्यांचा राग येत नाही. अठ्ठावीस वर्षं एका रकान्याची भीती घेऊन रोज कामावर जायचं, या विचाराने जीव कासावीस होतो.

खोटं नेहमी वाढवूनच लिहिलं जातं असं नाही. कमी करूनही लिहिलं जातं, आणि हे नोकरी गेलेल्यांच्या बाबतीत फार घडतं. बारा वर्षांचा अनुभव असलेला मॅनेजर पाच वर्षांच्या जागेसाठी अर्ज करतो आणि मधली सात वर्षं गाळतो, कारण 'ओव्हरक्वालिफाइड' म्हणून तो आधी तीनदा परतलेला असतो. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई पदाच्या एका प्रकरणात ३ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जागेसाठी बारावी उत्तीर्ण हवा होता, पदवीधर चालणार नव्हता. उमेदवाराने आपली पदवी लपवली होती. ओडिशा उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि महत्त्वाची माहिती दडवणाऱ्याला त्या नोकरीवर हक्क सांगता येत नाही असं म्हटलं. शिपायाच्या नोकरीसाठी पदवी लपवावी लागते, ही त्या निकालामागची परिस्थिती मला निकालापेक्षा जास्त छळते. पण खासगी कंपनीच्या रेझ्युमेत जुन्या नोकऱ्या थोडक्यात मांडणं वेगळं. 'निवडक अनुभव' असं शीर्षक देऊन तुम्ही हवं ते पुढे ठेवू शकता. छापील फॉर्मने 'सर्व नोकऱ्या लिहा' म्हटलं असेल, तर मात्र सर्व लिहा.

हीच रेघ पदाबाबतही ओढता येते. चाकणच्या कारखान्यात पत्रावर 'ऑपरेटर' असलेला माणूस प्रत्यक्षात रात्रपाळीत आठ जणांची लाइन चालवत असतो. त्याने पद 'सुपरवायझर' लिहिलं तर ते पडताळणीत गळतं. पद 'ऑपरेटर' ठेवून खाली 'रात्रपाळीत आठ जणांच्या लाइनची जबाबदारी, ब्रेकडाउनची नोंद आणि पाळी बदलताना हस्तांतरण' असं लिहिलं तर ते खरं आहे आणि जास्त वजनदार आहे. आपल्या लोकांना हे लिहिताना संकोच वाटतो. केलेलं काम सांगणं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं, अशी आपली शिकवण. म्हणून खरं ते गिळतात आणि नको तिथे वाढवतात.

पगाराचा आकडा फुगवण्याबद्दल एवढंच सांगते : नवा पगार जुन्यावरून ठरवायची आपल्याकडची पद्धत हेच त्याचं मूळ आहे. कॅलिफोर्नियात २०१८पासून उमेदवाराला जुना पगार विचारायला मालकांना मनाई आहे. इथे तो विचारतात, त्यामुळे खरा सांगा आणि अपेक्षा वेगळी सांगा.

परदेशातल्या वाचकांची पत्रंही येतात. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. घर, गाडी, मुलांची शाळा, सगळं त्या साठ दिवसांवर टांगलेलं. तिथून एकाने विचारलं आहे, दोन महिन्यांची तारीख पुढे ढकलली तर काय बिघडतं. बिघडतं ते हे, की नव्या मालकाला व्हिसाच्या अर्जासोबत तुमच्या शेवटच्या सॅलरी स्लिप लावाव्या लागतात. तारीख तिथेच निघते.

मग गॅप लिहायचा कसा? नोकरीसारखाच, तारखांसकट. 'मार्च ते ऑगस्ट : विभाग बंद झाल्याने नोकरीच्या शोधात. या काळात अमुक अभ्यासक्रम पूर्ण.' अभ्यासक्रम केला नसेल तर दुसरं वाक्य लिहू नका, पहिलं एकटं पुरतं. वडिलांच्या आजारपणात घरी होतात तर तेच लिहा. न केलेलं 'फ्रीलान्सिंग' लिहू नका, कारण पुढचा प्रश्न 'ग्राहक कोण' असा येतो.

या आठवड्यात एक काम करा. यूएएनच्या पोर्टलवर जाऊन तुमची सेवा नोंद उघडा आणि रेझ्युमे शेजारी ठेवा. एकेक तारीख जुळवा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन भरता येते. कंपनीने चुकीची तारीख भरली असेल तर आजच त्यांना मेल करा, उत्तर यायला वेळ लागतो. माझ्या त्या जुन्या रेझ्युमेची फाइल अजून माझ्याकडे आहे. जुलैमध्ये मी 'आजतागायत' खोडून पुन्हा 'फेब्रुवारी २००९' लिहिलं होतं. नोकरी ऑक्टोबरमध्ये लागली.