शेजारचे तीन सूर्य

रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. पुण्यात तेव्हा आकाश स्वच्छ असते आणि सहेरीसाठी पहाटे साडेचार-पाचला सगळे घर जागे असते. ताटे आवरून फजरच्या अजानची वाट पाहताना पाच मिनिटे मिळाली, तर मुलांना घेऊन गच्चीवर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. कोंढव्यात किंवा कॅम्पात राहणाऱ्यांनी समोर उंच इमारत नाही अशी जागा शोधावी, कारण आपल्याला पाहायचा आहे तो तारा फार वर येत नाही.

हात समोर ताठ धरून मूठ वळली की ती आकाशाचा साधारण दहा अंशांचा भाग झाकते. क्षितिजावर टेकवलेल्या अशा मुठीच्या जरा वर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. डावीकडचा जास्त तेजस्वी, तो ‘मित्र’. उजवीकडचा ‘मित्रक’. मित्रकाच्याही उजवीकडे कलंडलेला त्रिशंकू दिसतो. मित्र हा रात्रीच्या आकाशातला व्याध आणि अगस्त्य यांच्यानंतरचा तिसरा तेजस्वी तारा आहे. पुण्यातून तो क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश वर येतो, त्यामुळे धुळीतून थोडा मंद दिसतो. कोल्हापूर, रत्नागिरी, गोवा असे दक्षिणेला जाल तसा तो वर चढतो. दिल्लीकरांना मात्र तो जवळजवळ दिसतच नाही.

इंग्रजीत त्याला अल्फा सेंटॉरी म्हणतात. त्याचे दुसरे नाव ‘रिजिल केंटॉरस’. उर्दू-अरबी जाणणाऱ्यांना यातला ‘रिज्ल’, म्हणजे पाय, लगेच ओळखू येईल. अर्धा माणूस, अर्धा घोडा अशा नरतुरंगाच्या आकृतीतला हा पाय. अरबी ज्योतिर्विदांनी ठेवलेले हे नाव युरोपात गेले आणि तिथेच रुळले.

डोळ्यांना हा एक तारा दिसतो. प्रत्यक्षात ते तीन सूर्य आहेत आणि आपल्या सूर्याचे सर्वांत जवळचे शेजारी आहेत. ही माहिती वर्गात सांगितली की एक प्रश्न हमखास येतो, “सर, तिथे कोणी गेले होते का मोजायला?” प्रश्न योग्य आहे. मोबाईलवर ‘दुसरी पृथ्वी सापडली’ असे संदेश अधूनमधून फिरत असतात. कशावर विश्वास ठेवायचा हे कळण्यासाठी आकडे कुठून येतात हे माहीत हवे. तेव्हा एकेक आकडा घेऊ.

मित्र हा जोडतारा आहे हे प्रथम लक्षात आले ते आपल्याच देशात. डिसेंबर १६८९ मध्ये पाँडिचेरीत ज्यां रिशो हे फ्रेंच धर्मगुरू दुर्बिणीतून एक धूमकेतू पाहत होते. त्या वेळी त्यांना मित्र ताऱ्याच्या जागी एकाऐवजी दोन ठिपके दिसले. या दोघांना आज ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात. ‘बी’ला २०१८ साली ‘तोलिमान’ हे नाव अधिकृतपणे मिळाले. त्याचेही मूळ अरबीच, ‘झुल्मान’ म्हणजे शहामृग.

पुढचा प्रश्न, किती लांब? एक डोळा मिटून अंगठा पाहा, मग दुसरा डोळा मिटून पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटतो. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांपुढे असाच किंचित सरकतो. किती किंचित? अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे सुमारे साडेतीन किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढाच. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या वेधशाळेत थॉमस हेंडरसन यांनी १८३२-३३ मध्ये हे सरकणे टिपले आणि १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. आजच्या मोजणीनुसार हे अंतर ४.३ प्रकाशवर्षांहून थोडे अधिक आहे, म्हणजे सुमारे ४१ लाख कोटी किलोमीटर. आज दिसणारा प्रकाश तिथून चार वर्षांपूर्वी निघालेला असतो.

अंतर कळले, आता वजन. एकट्या ताऱ्याचे वजन थेट मोजता येत नाही. त्याच्या तेजावरून फक्त अंदाज करता येतो. पण दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तर त्यांची फेरीच तराजूचे काम करते. ए आणि बी यांची एक फेरी ७९.९ वर्षांत पूर्ण होते. त्यांच्यातले अंतर बदलत राहते. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले अंतर एक धरले, तर ते कमीत कमी ११.२ पट आणि जास्तीत जास्त ३५.६ पट असते. या दोन आकड्यांची सरासरी २३.४. दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात केप्लरचा तिसरा नियम आहे. त्याच्याच आधारे २३.४ चा घन करा आणि त्याला ७९.९ च्या वर्गाने भागा. १२,८१३ भागिले ६,३८४ म्हणजे उत्तर जवळजवळ २ येते. दोघांचे मिळून वस्तुमान दोन सूर्यांइतके! घरातल्या दहावीच्या मुलाला किंवा मुलीला हे गणित वहीत करायला सांगा. तिथे न जाता सूर्य कसा तोलतात, हे चार ओळींत कळते.

या दोन सूर्यांची वाटणी कशी? दोघे एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. जड असेल तो कमी हलतो, हलका जास्त हलतो. त्यावरून ए चे वस्तुमान सूर्याच्या १.०८ पट आणि बी चे ०.९१ पट निघते. ए सूर्यापेक्षा थोडा मोठा आहे, दीडपट प्रकाश देतो आणि त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन, म्हणजे जवळजवळ सूर्याइतकेच आहे. बी थोडा लहान, नारिंगी झाकेचा, ५,२०० केल्विनचा. त्याचा प्रकाश सूर्याच्या निम्मा. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे होते. ताऱ्याचा रंगही त्याचे तापमान असेच सांगतो.

तिसरा भाऊ मात्र वेगळा आहे. १९१५ साली जोहान्सबर्ग येथे रॉबर्ट इन्स यांना मित्रापासून दोन अंशांवर, म्हणजे चार पूर्णचंद्र शेजारी ठेवल्यावर जेवढे अंतर होईल तेवढ्यावर, एक अंधुक तारा सापडला. तोही आकाशात मित्राच्याच दिशेने, जवळजवळ तितक्याच गतीने सरकत होता. हा प्रॉक्झिमा. तो आपल्यापासून ४.२४ प्रकाशवर्षांवर, तिघांत सर्वांत जवळ. तरीही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याचे वस्तुमान सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढे आणि प्रकाश सहाशेव्या हिश्श्याच्या आसपास आहे. तो खरोखर या जोडीला बांधलेला आहे की नुसता वाटेतला सोबती, हे ठरायला शंभर वर्षे लागली. त्याची गती पुरेशी अचूक मोजल्यावर २०१७ मध्ये स्पष्ट झाले की तो दोघांभोवती फिरतो आणि त्याची एक फेरी सुमारे साडेपाच लाख वर्षांची आहे.

हे सगळे डोळ्यांसमोर आणायचे असेल तर महाराष्ट्राच्या नकाशावर मांडू. पुण्यात १.४ सेंटिमीटरचे एक बोर ठेवा, तो आपला सूर्य. पृथ्वी त्याच्यापासून दीड मीटरवर, बारीक धुळीच्या कणाएवढी. याच प्रमाणात मित्र कुठे असेल? सरळ रेषेत थेट अकोल्याला! तिथे पावणेदोन सेंटिमीटरचे एक बोर आणि सव्वा सेंटिमीटरचा एक काबुली चणा एकमेकांपासून १७ ते ५३ मीटरवर फिरत आहेत. प्रॉक्झिमा म्हणजे त्यांच्यापासून वीसएक किलोमीटरवर, पुण्याच्या बाजूला पडलेला मोहरीचा दाणा. मध्ये दुसरा एकही तारा नाही.

आता ‘दुसरी पृथ्वी’. प्रॉक्झिमाभोवती एक ग्रह असल्याचे ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर झाले. त्याचे वस्तुमान किमान पृथ्वीएवढे असून तो ११.२ दिवसांत फेरी पूर्ण करतो. आपल्या मांडणीत तो मोहरीच्या दाण्यापासून चार बोटांवर येतो. तारा मंद असल्यामुळे एवढ्या जवळ असूनही तो भाजून निघत नाही आणि पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात बसतो. एवढे खरे. पण प्रॉक्झिमा तापट आहे. मार्च २०१६ मधल्या एका भडक्यात तो काही काळ नेहमीच्या सुमारे सत्तर पट उजळला होता. असे भडके जवळच्या ग्रहाची हवा उडवून लावू शकतात. त्या ग्रहावर हवा किंवा पाणी असल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. तेव्हा ‘ग्रह सापडला’ हे ज्ञान आणि ‘दुसरी पृथ्वी सापडली’ ही अफवा, हा फरक मुलांना सांगितला पाहिजे. तिथे जाण्याचे म्हणाल, तर व्हॉयेजर-१ यानाच्या वेगाने निघाले तरी सुमारे ७५,००० वर्षे लागतील.

उजवीकडचा मित्रक मात्र या घराण्यातला नव्हे. दिसायला तो मित्राला खेटून आहे, पण त्याचे अंतर जवळजवळ ३९० प्रकाशवर्षे. डोळ्यांना शेजारी वाटणारा परका निघतो आणि दूर, अंधारात दिसेनासा झालेला प्रॉक्झिमा सख्खा निघतो. नाते नजरेने नव्हे, मोजून ठरले.

ज्यांना पहाटे जमणार नाही त्यांनी पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला पाहावे. बरोबर घरातल्या बुजुर्गांनाही न्यावे. ए आणि बी एकमेकांच्या सर्वांत जवळ आले ते १९५५ साली आणि पुन्हा येतील २०३५ साली. १९५५ च्या सुमारास जन्मलेल्या दादी-नानांचे आतापर्यंतचे सारे आयुष्य, शाळा, निकाह, मुले, नातवंडे, या दोन सूर्यांच्या एका फेरीत मावले आहे, आणि ती फेरी अजून पूर्ण व्हायची आहे.