दोन शब्दांचा खेळ

माझी मुलगी नोकरीनिमित्त बंगळुरूला असते. रात्री नऊला तिचा फोन येतो. "अब्बा, जेवलात?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." गेली दोन वर्षं आमचं बोलणं एवढ्यावरच आलं होतं. जन्मभर कविता लिहिलेल्या माणसाला लेकीशी बोलायला दोन शब्दांपलीकडे काही सुचू नये, याचं मला वाईट वाटायचं.

ईदला ती घरी आली तेव्हा तिने माझ्या संगणकावर एक खेळ घालून दिला. पडद्यावर ना चित्र, ना आवाज. इंग्रजीतली तीन-चार वाक्यं आणि खाली लुकलुकणारी एक रेघ. ती म्हणाली, "अब्बा, यात नुसतं वाचायचं आणि लिहायचं. तुम्हाला जमेल."

या खेळाचं नाव 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर'. विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने तो १९७५-७६च्या सुमारास लिहिला. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या 'आर्पानेट'वर काम करणारा हा माणूस गुहा धुंडाळण्याचा शौकीन होता. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह परिसरातल्या गुहा त्याने आणि पत्नी पॅट्रिशियाने हिंडून पाहिल्या, त्यांचे नकाशे केले. पुढे दोघं विभक्त झाली. गुहा सुटल्या, दोन मुलींचा सहवासही कमी झाला. मुलींना गंमत वाटावी म्हणून त्याने ओळखीची गुहा शब्दांत उभी केली आणि तिच्यात थोडी जादू घातली. १९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी त्यात नवी दालनं आणि खजिने घालून खेळ वाढवला. तोच जगभर पसरला.

खेळायचं कसं? संगणक तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतो. तुम्ही काय करणार ते लिहायचं. सुरुवातीला एक रस्ता आणि विटांची छोटी इमारत. आत किल्ल्या, दिवा, खाणं आणि पाण्याची बाटली. मी पहिल्या रात्री अगदी अदबीने लिहिलं, "कृपा करून मला त्या घरात घेऊन चला." उत्तर आलं, समजलं नाही. तीनदा लिहिलं, तीनदा तेच. मी रागावून संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी कळलं, चूक माझी होती. या यंत्राला मोजकेच शब्द ठाऊक आहेत, आणि एका वेळी ते दोनच शब्द ऐकतं. एक क्रियापद, एक नाम. 'गेट लॅम्प' म्हटलं की दिवा हातात. दिशेसाठी तर नॉर्थचं नुसतं 'एन', साउथचं 'एस' पुरतं. न समजल्यास चिडायचं नाही, त्याच अर्थाचा दुसरा शब्द द्यायचा. जवळ शब्दकोश असला की झालं.

नवख्यांसाठी आणखी तीन गोष्टी. एक, कागदावर नकाशा काढा. पुढे एक चक्रव्यूह लागतो, त्यातल्या सगळ्या जागा सारख्याच दिसतात. तिथे प्रत्येक जागी जवळची एकेक वस्तू टाकत जायचं, म्हणजे जागा ओळखू येते. दोन, गुहेत दिव्याशिवाय चालू नका. अंधारात पाय खड्ड्यात जाऊन खेळ संपू शकतो. खेळ मधेच जपून ठेवायची सोय असते, ती वापरा. तीन, प्रत्येक वाक्य नीट वाचा. हे मी ठेच लागून शिकलो.

गुहेत एक पक्षी आहे. माझ्याजवळ पिंजरा होता, पण तो काही हाती येईना. दर वेळी उत्तर एकच. मी आलो तेव्हा पक्षी घाबरलेला नव्हता, जवळ जाताच मात्र तो बिचकला. चार दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी मीच मुलीला फोन लावला. तेही दुपारी. ती घाबरली. "अब्बा, तब्येत बरी आहे ना?" "बरी आहे गं. पक्षी सापडत नाही." ती खळखळून हसली. म्हणाली, "उत्तर सांगणार नाही. पण हातात काय काय आहे, ते एकदा बघा."

'इन्व्हेंटरी' लिहिलं की जवळच्या वस्तूंची यादी येते. दिवा, पिंजरा, किल्ल्या आणि वाटेत उचललेली, टोकाला तारा असलेली एक काळी काठी. काठी! हातात काठी घेऊन येणाऱ्याजवळ पाखरू कसं येईल? ती खाली ठेवली आणि पक्षी अलगद पिंजऱ्यात आला.

हा खेळ आज इंटरनेटवर फुकट मिळतो. तो जमला की 'झॉर्क' बघा. एमआयटीतल्या तरुणांनी १९७७ पासून रचलेल्या त्या खेळाला लांब वाक्यंही कळतात. साडेतीनशे गुणांच्या या गुहेत मी अजून शंभरीही गाठलेली नाही. घाई नाही.

काल रात्री नऊला फोन आला. "अब्बा, सापापर्यंत पोचलात?" मी म्हटलं, "पोचलो." मग तो साप, तिच्या लहानपणी आमच्या परसात निघालेला साप, तिची दादी, तिची नवी खोली असं करत पाऊण तास आम्ही बोलत होतो. गोळीचं विचारायचं राहूनच गेलं.

घेतली होती मी.