मोका : डुकरे देऊन मिळणारा मान

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशात, माउंट हेगनजवळ राहणारे मेल्पा लोक डुकरे पाळतात ती केवळ मांसासाठी, असा समज आढळतो. प्रत्यक्षात त्यांचे रोजचे अन्न रताळी आहे. डुकरे राखली जातात ती वधूमूल्य, मनुष्यवधाची भरपाई आणि विशेषतः ‘मोका’ (वाढीव परतफेडीची समारंभपूर्वक प्रथा) यांसाठी. मोकात एक गट दुसऱ्याला जाहीरपणे डुकरे देतो. घेणाऱ्याने पुढे त्याहून अधिक परत करायची असतात. लग्नातल्या आहेराची वही जशी दोन घरांचे येणेजाणे चालू ठेवते, तसेच हे देणे. त्याला सावकारी मानणे मात्र चूक ठरेल. सावकार साठ्याने मोठा होतो. येथे मान देणाऱ्याला मिळतो. वंशपरंपरेने नव्हे, तर अशा दातृत्वानेच ‘मोठा माणूस’ (कर्तबगारीने पुढे आलेला नेता) घडतो. एकेकाळचे शत्रूगटही या व्यवहाराने जोडले जातात. या वैभवामागचे बहुतेक कष्ट स्त्रियांचे असतात, आणि वर्णनांत त्यांना पुरेसे श्रेय मिळत नाही: रताळी पिकवून डुकरांना वाढवतात त्याच. १९७४ च्या ‘ओंगकाज बिग मोका’ या माहितीपटातील, मेल्पांपैकीच कावेल्का जमातीच्या नेत्याने जमवलेल्या देण्यात शेकडो डुकरांबरोबर गायी, रोकड आणि एक ट्रकही होता.