चहा घेऊनच निघायचं

थैली फिरायला लागली की खोलीतलं बोलणं आपोआप थांबतं. हिरव्या कापडाची, तोंडाला नाडी असलेली साधी थैली आहे. प्रत्येकाने बंद मूठ आत घालायची, आतच उघडायची आणि हात बाहेर काढायचा. मुठीत पाचशेची नोट असो की काहीच नसो, हात तसाच जातो, तसाच येतो. एका महिनाअखेरीला मी रिकामी मूठ आत घातली होती. शेजारी बसलेल्यांना ते कळलं नाही, निदान त्यांनी तसं दाखवलं तरी नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे आम्ही लहानपणापासून प्रवचनात ऐकत आलो. त्याची कापडी सोय कुणीतरी करून ठेवली आहे हे मला चाळिशीत समजलं.

वसईतल्या आमच्या गावच्या चर्चमागची ही खोली. रविवारची दुसरी मिस्सा सुटते, अंगणातल्या गप्पा आटोपतात, बायका मासळीबाजाराकडे वळतात आणि आम्ही आठ जण इथे येऊन बसतो. संत विन्सेंट दि पॉल संस्थेची ही गावातली शाखा. कागदोपत्री तिला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात, गावात आम्ही नुसते ‘विन्सेंटवाले’. कॉन्फरन्स हे नाव मोठं गमतीचं आहे. 1833 साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांचं वादविवादाचं एक मंडळ होतं. तिथे कुणीतरी ख्रिस्ती मुलांना टोमणा मारला: तुमच्या धर्माने पूर्वी केलं असेल पुष्कळ, आज तुम्ही काय करता ते सांगा. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता. उत्तराचं भाषण तयार करायचं सोडून तो मित्रांना घेऊन रोझली रेंदू नावाच्या सिस्टरकडे गेला. पॅरिसच्या गरीब वस्तीत तिचं आयुष्य चाललं होतं. कुठल्या घरी जायचं, काय न्यायचं, हे या पोरांना तिने शिकवलं. वादविवाद मागे पडला, नाव तेवढं राहिलं. आमच्या सभेतही वाद काही कमी होत नाहीत म्हणा.

सभा प्रार्थनेने सुरू होते, मग एखादा उतारा वाचायचा, मग मागचं इतिवृत्त. इतिवृत्तात कुणाचंही नाव नसतं. घर क्रमांक एक, घर क्रमांक दोन असं. वही कपाटात, कपाटाची किल्ली अध्यक्षबाईंकडे. बाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका अजूनही लाल शाईने दाखवतात. सध्या आमच्याकडे सात घरं आहेत. दर महिन्याला घरटी एक पिशवी जाते: दहा किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेल, साखर, चहा, दोन साबण. थैलीत जमतं त्यातून हे भागत नाही. चर्चच्या दाराशी संत अंथनीच्या नावाची पेटी आहे, तिचा आधार. पण पेटी भरते ती उपवासकाळात आणि नाताळात, आणि गरज येते जूनमध्ये. पाऊस, शाळेची वह्या-पुस्तकं आणि गळकं छप्पर एकदमच येतात. उपवासकाळात आलेला पैसा जूनपर्यंत राखून ठेवणं, हे आमच्या खजिनदारांचं खरं तप.

गेल्या महिन्यात नव्या घराचा विषय निघाला. स्टेशनकडच्या चाळीतलं भाड्याचं घर, रिक्षा चालवणारा माणूस पाय मोडून पडलेला, बायको दोन घरी धुणंभांडी करते. पाहून आलेल्यांपैकी एकाने हळूच सांगितलं, “भिंतीवर टीव्ही आहे. मोठा.” खोलीत कुजबुज. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “विकला तर किती येतील? दोन हजार? त्याचे तांदूळ किती दिवस पुरतील? आणि नंतर पोरं संध्याकाळी कुणाच्या दाराशी जाऊन उभी राहतील?” घर क्रमांक सात त्या दिवशी वहीत चढलं. टीव्हीवरून मान हलवणाऱ्यांत मीही होतो, हे लिहून टाकलेलं बरं.

भेटीला एकट्याने जायचं नाही, जोडीनेच जायचं, हा संस्थेचा जुना नियम. माझे जोडीदार एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं माणसांची तोंडं पाहिल्यामुळे असेल, पण घरात शिरताच त्यांना पुष्कळ काही दिसतं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “हेल्मेट गाडीलाच अडकवा. हातात हेल्मेट असलं की समोरच्याला वाटतं, हे निघालेच.” पिशवी साधी, कापडी, तिच्यावर चर्चचं नाव नाही. दारात ठेवून निघायचं नाही आणि घराच्या मधोमधही ठेवायची नाही. घरातल्या पोराच्या हातात द्यायची, ते आत नेतं. मग तिचा विषय संपला. ती आत गेल्यावर पुन्हा तिच्याकडे पाहायचं नाही, फळीवरच्या डब्यांकडे तर मुळीच नाही.

आणि चहा नाकारायचा नाही. सुरुवातीला मला हे अवघड गेलं. ज्या घरात आपण साखर घेऊन आलो तिथली साखर कशी प्यायची? मी “राहू द्या हो, आत्ताच घेतला” म्हणायचो. कंडक्टरांनी एकदा बाहेर आल्यावर सुनावलं: “आपण द्यायचं आणि त्यांनी नुसतं घ्यायचं, हे किती दिवस चालेल? कपभर चहा त्यांच्या हातचा. तेवढा तरी घ्या.” तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी मी चार-पाच कप चहा पितो. ॲसिडिटीची गोळी खिशात असते.

चहा उकळेपर्यंत जे बोलणं होतं तेच खरं काम. कंडक्टर पैशांचं कधी विचारत नाहीत. “गोळ्यांचं पाकीट दाखवा बघू,” एवढंच म्हणतात. घर क्रमांक चारच्या आजींना रक्तदाबाची रोज एक गोळी. दहा गोळ्यांचं पाकीट दहा दिवसांत संपायला हवं. त्यांचं वीस दिवस चाललं होतं. आजी अर्धी गोळी घेत होत्या, पुरवून पुरवून. हे त्या सांगणार नव्हत्या, आणि तांदळाच्या पिशवीला कळणारही नव्हतं. त्या महिन्यापासून त्यांच्या पिशवीत डाळ एक किलो कमी आणि गोळ्या तीन पाकिटं असं ठरलं. सभेत यावरही वाद झाला, औषध हे रेशन आहे का? ओझानामला काय वाटलं असतं कुणास ठाऊक.

चुका होतात. पहिल्या वर्षी एका घरी मी मुलांसमोरच त्या माणसाला विचारलं, “पण नोकरी सोडली का?” काळजीने विचारलं होतं, असं मी आजही स्वतःला सांगतो. पुढच्या महिन्यात गेलो तर दार बंद. आत पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. आम्ही पाच मिनिटं उभे राहिलो. कंडक्टरांनी पिशवी शेजारच्या घरी ठेवली आणि गाडी सुरू होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते घर नंतर आमच्याकडे राहिलं नाही.

सातांपैकी तीन घरं ख्रिस्ती आहेत. उरलेल्यांत एक पाड्यावरचं वारली कुटुंब आहे, बाकीची बाहेरून येऊन इथे राहिलेली. धर्म पाहून मदत करायची नाही हेही संस्थेच्या नियमांतच आहे, पण नियम आमच्या वहीत असतो, लोकांच्या मनात नसतो. चाळीतल्या त्या रिक्षावाल्याने पहिल्याच भेटीत नजर चुकवत विचारलं, “साहेब, चर्चला यावं लागेल का?” कंडक्टर म्हणाले, “पाय बरा होऊ दे आधी. मग तुला कुठे जायचं तिथे जा. आम्हाला स्टेशनला सोडलंस तरी चालेल, मीटरने.” तो हसला. माझ्याजवळ याच प्रश्नावर मोठं उत्तर तयार होतं, ते मी गिळलं.

या उपवासकाळात, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, आम्ही आजींकडे गेलो. आजी उन्हाळ्यात एका वाडीत राजेळी केळी सोलायला जातात, सुकेळी करण्यासाठी. बोटं चिकाने काळी झालेली. चहा झाला, गोळ्या मोजून झाल्या, पाकीट वेळेवर संपलेलं. निघताना त्यांनी मागच्या महिन्याची आमची पिशवी परत दिली, धुऊन, घडी करून. घडीच्या आत काहीतरी टणक लागलं. केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, “रिकामी कशी देऊ?”

दुसऱ्या दिवशी झावळ्या हातात घेऊनच आम्ही सभेला बसलो. इतिवृत्त लिहिताना अडलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, “लिहा, घर क्रमांक चार, सुकेळी, सात नग.” खजिनदारांनी पेन उचललं आणि थांबले. “पण जमेला धरायची का? आणि किंमत काय लावू?” कुणी म्हणालं भेट म्हणून लिहा, कुणी म्हणालं लिहूच नका. तोवर कंडक्टरांनी पान सोडलं होतं. सुकेळी सात आणि आम्ही आठ. त्यांनी एक सुकेळं बोटांनीच मधोमध तोडलं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि खजिनदारांना म्हणाले, “आता साडेसहा लिहा. आणि लवकर लिहा.”