काठावरचे तीन सेकंद

आमच्या लहानपणी कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत पोहायला शिकायचं ते विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचा ओंडका, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक धरून वर थोरला चुलतभाऊ. पोहणं आठ दिवसांत आलं. उडी यायला अख्खा उन्हाळा गेला. मोटेच्या थारोळ्यावर उभं राहिलं की पंचवीस फूट खाली हिरवट पाणी, मागे पोरांची रांग, आणि पाय काही जागचे हलत नसत. पंचवीस फूट पडायला सव्वा सेकंद लागतो, हा हिशोब पुढे शाळेत कळला. काठावर मी किती वेळ काढला त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही म्हणून बरं. एकदा पाय सुटले की भीती संपायची. मुटका नीट बसला नाही तर पोट लाल व्हायचं, एवढंच.

पुढे नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, मशीनशॉपमध्ये. बेअरिंग, शाफ्ट, मायक्रॉन यांत वर्षं गेली. रोलर कोस्टरचा नाद लागला तो भाच्यामुळे. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. गाडी उंचावर कड्याच्या टोकाशी येते, नाक खाली झुकतं आणि तिथेच थांबते. माणसं पट्ट्यावर लोंबकळत खालचं भोक बघत राहतात. मग सुटते. मला थारोळं आठवलं. ज्याने हे बनवलं त्याला नक्की कुणीतरी विहिरीच्या काठावर उभं केलं असणार, असं वाटलं. तेव्हापासून सवडीने या यंत्राच्या मागे लागलो, त्याचा हा मागोवा.

घसरगुंडीची मूळ हौस रशियाची. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास लाकडी सांगाड्यावर पाणी ओतून बर्फाचे उतार करत आणि त्यावरून लोक घसरत. रुळावरचा धंदा म्हणून ती उभी राहिली १८८४मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला. लामार्कस थॉम्पसनच्या स्विचबॅक रेल्वेचं तिकीट पाच सेंट आणि वेग ताशी दहा किलोमीटरच्या घरात. म्हणजे आपल्याकडची बैलगाडी उतारावर याहून जोरात जाईल. तरी लोकांनी रांगा लावल्या.

पुढच्या तीसेक वर्षांत उतार वाढले आणि खरी अडचण समोर आली. गाडी चढ संपवून उताराला लागते तिथे तिला सरळ हवेत जायचं असतं. रुळावर नुसती ठेवलेली गाडी तिथून उडते. यावरचा उपाय जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९च्या सुमारास काढला. रुळाच्या खालच्या अंगालाही चाक लावलं. वर भार घेणारं चाक, बाजूने धरणारं चाक आणि खालून अडवणारं चाक. रूळ तिन्ही बाजूंनी पकडल्यावर गाडी वर उडणार कुठे? मिलरच्या नावावर शंभराहून जास्त पेटंट आहेत, पण माझ्या मते हे एकच चाक बाकी सगळ्यांना भारी आहे. ज्या दिवशी ते लागलं त्या दिवशी नव्वद अंशांचा उतार कागदावर तरी शक्य झाला. प्रत्यक्षात यायला आणखी जवळपास ऐंशी वर्षं लागली.

एवढा वेळ का? कारण पडणं कधीच अवघड नव्हतं. अवघड आहे ते तळातलं वळण. १८९५मध्ये कोनी आयलंडलाच फ्लिप फ्लॅप नावाची एक गाडी होती, तिचा फेरा कंपासने काढावा तसा पूर्ण गोल. त्या गोलात शिरताना इतका झटका बसे की लोक मान धरून उतरत. सरळ रुळावरून एकदम गोल वळणात गेलं की भार एकदम येतो. आगगाडीच्या आणि हायवेच्या वळणांत इंजिनिअर हे आधीपासून सांभाळत होते. वळण हळूहळू घट्ट करत न्यायचं. त्या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. तो रोलर कोस्टरच्या उभ्या फेऱ्यात बसवला वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने, १९७६मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रिव्होल्यूशन या गाडीसाठी. त्यामुळे हल्लीचा फेरा गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता असतो. लोखंडी नळीचा रूळ त्याआधीच, १९५९मध्ये, डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्नवर आला होता. लाकडाला असे वाक देता येत नाहीत, नळीला देता येतात.

आकडा घालून बघू. गाडीचा वेग सेकंदाला ३० मीटर आणि तळाच्या वळणाची त्रिज्या २५ मीटर धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की ३६ येतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन पटीहून थोडं जास्त, वर आपलं नेहमीचं वजन. सत्तर किलोचा माणूस तळाशी तीनशे किलोच्या पुढचा होतो. हे एखाद्या सेकंदापुरतं चालतं. त्रिज्या निम्मी केलीत तर चालणार नाही. उभ्या उताराची सगळी किंमत अशी तळाला चुकवावी लागते.

आता काठावर थांबणाऱ्या गाडीकडे, ऑब्लिव्हियनकडे, येऊ. इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये आल्टन टॉवर्स नावाचं पार्क आहे. तिथे एक अट आहे, झाडांच्या शेंड्यांच्या वर काही दिसता कामा नये. उंचीवर पोट भरणाऱ्या धंद्याला ही अट म्हणजे फाशीच. पण गाडीची आखणी करणाऱ्या जॉन वॉर्डली आणि त्याच्या मंडळींनी उत्तर शोधलं ते खाली, जमिनीत. गाडी वीसेक मीटर वर चढवायची आणि जमिनीतल्या बोगद्यात सोडायची. एकूण उतार ५५ मीटरांचा. नुसत्या वीस मीटरांवरून पडलं तर वेग ताशी सत्तरच्या आसपास जातो. पंचावन्न मीटरांना ऑब्लिव्हियन ताशी ११० गाठते. १४ मार्च १९९८ रोजी ती सुरू झाली. अंधाऱ्या भोकातून धूर येत असतो आणि गाडी काठावर थांबून त्याच भोकाकडे तोंड करून असते. गडमुडशिंगीच्या कुठल्याही पोराला विचारा, तो म्हणेल, ही विहीर आहे.

जगातला पहिला उभा उतार अशी तिची जाहिरात झाली. ती मी शब्दशः घेत नाही. एक तर कोन नव्वदला थोडा कमीच आहे. शिवाय आदल्याच वर्षी, १९९७मध्ये, ऑस्ट्रेलियात टॉवर ऑफ टेरर आणि अमेरिकेत सुपरमॅन या गाड्या उभ्या मनोऱ्यावर विजेच्या जोरावर चढून उलट्या खाली येत होत्या. पण त्यांत थांबा नव्हता. जोर संपला की परत. ऑब्लिव्हियनने आणलेली नवी गोष्ट नव्वद अंश नव्हेत. तिने आणला तो थांबा.

आणि यंत्राच्या भाषेत थांबा हेच अवघड काम. गाडी बनवली स्वित्झर्लंडच्या माँते गावच्या बोलिजे आणि माबियार यांच्या कंपनीने. वॉल्टर बोलिजे आणि क्लोद माबियार हे दोघे इंजिनिअर, कंपनी १९८८ची, धंद्यात तिला बी अँड एम म्हणतात. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता. नेहमीची कोस्टर गाडी सात-आठ डब्यांची, आगगाडीसारखी लांब. ती काठावर थांबवली तर पुढचे लोंबकळणार आणि मागचे सपाटीवर गप्पा मारत बसणार. म्हणून गाडी लांब न करता रुंद केली. एका ओळीत आठ माणसं आणि ओळी फक्त दोन, मागची ओळ सिनेमा थिएटरसारखी उंच. रूळ मधोमध आणि दोन्ही अंगांना माणसं बाहेर काढलेली, त्यामुळे टोकाच्या खुर्चीखाली रूळ नाही. गाडी साखळीने वर चढते, काठावर तिला दोन-तीन सेकंद पेलून धरतात आणि सोडतात. त्या क्षणी गाडीचा तोल अर्धा पुढे गेलेला असतो. तो पेलणाऱ्या यंत्रणेवर काय ताण येत असेल, हे मशीनशॉपवाल्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांना आवडेल. बी अँड एमचा रूळ ज्या पोकळ चौकोनी पेटीवर बसतो ती धावताना ढोलासारखी वाजते. आवाज दाबायला काही ठिकाणी पेटीत वाळू भरतात. कोल्हापूरच्या फौंड्रीतल्या माणसाला वाळूचे शंभर उपयोग ठाऊक असतील, हा एकशे एकावा.

ऑब्लिव्हियननंतर २००५मध्ये फ्लोरिडात शेइक्रा आली. दोनशे फूट आणि पूर्ण नव्वद अंश. नाव ठेवलं शिक्रा पक्ष्यावरून. आपल्या शेताच्या बांधावर तारेवर बसलेला असतो आणि सावजावर झडप घालतो, तोच शिक्रा. आपल्याकडचा शब्द फ्लोरिडाला जाऊन इतकं उलटंपालटं स्पेलिंग घेऊन बसला याची मला गंमत वाटते. २००७मध्ये शेइक्रात बसणाऱ्यांच्या पायाखालची फरशीही काढली. पुढे ग्रिफॉन, व्हॅलरॅव्हन वगैरे येत गेल्या. २०१९ची कॅनडातली युकॉन स्ट्रायकर २४५ फूट उतरून पाण्याखालच्या बोगद्यात शिरते. यांतली मला आवडलेली मात्र सगळ्यांत बुटक्यांपैकी आहे. हॉलंडच्या एफ्टेलिंग पार्कातली २०१५ची बॅरन १८९८. खाणमालकाची गोष्ट आधी सांगतात आणि मग खाणीच्या विवरात टाकतात.

दुसऱ्या बाजूला गर्स्टलाउअर या जर्मन कंपनीने नव्वदच्या पुढे जायचं ठरवलं. २००३मध्ये डेन्मार्कला ९७ अंश आणि २०११मध्ये जपानच्या फुजी-क्यूमध्ये ताकाबिशा या गाडीला १२१ अंश. म्हणजे उतार पोटाकडे वळलेला, सह्याद्रीच्या एखाद्या ओव्हरहँग कड्यासारखा. छोट्या गाड्या, लिफ्टसारखी सरळ चढण आणि जागा कमी. उंची अवघी ४३ मीटर. पण तीसुद्धा काठावर थांबते आणि मग सरकत सरकत पुढे होते. थांब्याचं मर्म यांनाही कळलं.

नुसत्या उंचीची शर्यत लावणाऱ्यांचं काय झालं? न्यू जर्सीची किंगडा का २००५मध्ये ४५६ फुटांची उभी राहिली. शेंड्यावरून क्षणात पलीकडे. २०२४मध्ये ती बंद झाली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये सुरुंग लावून पाडली. बुटकी ऑब्लिव्हियन पंचवीस वर्षं उलटून गेली तरी माणसांना काठावर उभं करते आहे.

आपल्याकडे यातलं काय आलं? मुंबईत गोराईला १९८९मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि टीव्हीवरच्या त्याच्या जाहिरातीने कोल्हापूरच्या पोरांनीही घरात हट्ट धरला. उलटं फिरवणारी गाडी मराठी माणसाने प्रत्यक्ष पाहिली ती बहुधा तिथे. ते पार्क आता बंद आहे. मोठं पाऊल पडलं २०१३मध्ये, खोपोली-पाली रस्त्यावर मनमोहन शेट्टींच्या इमॅजिकात. तिथली नायट्रो ही त्याच बी अँड एमची, ४० मीटर उंच, ताशी १०५ किलोमीटर आणि पाच वेळा उलटं करणारी. २०२२मध्ये पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं.

मी भाच्यांना घेऊन गेलो होतो. कोल्हापूरहून निघून पुणे ओलांडायचं आणि घाट उतरायचा, तीनशे किलोमीटरांच्या आसपास. नायट्रोत बसल्यावर पायाखालची फरशी सरकते आणि पाय लोंबकळतात, तिथे पोटात पहिला गोळा येतो. पुढचं सगळं उत्तम. चाकं रुळावर इतकी बेताची बसलेली की कुठे खडखड नाही, आणि ते मी कानाने तपासत होतो, कारण सवय जात नाही. पण नायट्रोचा उतार उभा नाही आणि वर पोचली की ती न थांबता निघते. भाचे ओरडत उतरले, मी जरा हिरमुसून. मला काठ हवा होता. काठावर थांबणारी गाडी महाराष्ट्रात अजून यायची आहे.

थांब्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. २ जून २०१५ रोजी त्याच आल्टन टॉवर्समध्ये स्माइलर नावाच्या दुसऱ्या गाडीला अपघात झाला. रुळावर पुढे एक रिकामी गाडी अडकली होती. यंत्रणेने ते ओळखून मागच्या भरलेल्या गाडीला बरोबर थांबवलं होतं. माणसांना वाटलं यंत्रच चुकलं, आणि त्यांनी तो थांबा हाताने मोडला. गाडी जाऊन धडकली, दोन तरुणींना पाय गमवावा लागला. कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. यंत्र थांबा म्हणत होतं, हे मला त्या सगळ्या प्रकरणात जास्त लागलं.

आपल्या जत्रेतला पाळणेवाला हे सगळं न शिकता जाणतो. आकाशपाळणा भरात आला की तो मुद्दाम थांबवतो, आपला डबा नेमका वरच्या टोकाला, खाली दिव्यांच्या माळा आणि भेळेच्या गाड्या. डबा झुलत राहतो आणि आपण दांडी घट्ट धरतो. त्याला बी अँड एमने पगारावर ठेवायला हरकत नव्हती. पण त्याच्या डब्याचं दार लागतं ते एका साखळीवर आणि तिच्यातल्या बोटभर पिनेवर, आणि ती पिन रोज किती गावांत काढून लावली जाते याची नोंद कुठे नसते. २०२२च्या सप्टेंबरात मोहालीच्या मेळ्यात पन्नासेक फुटांवरून पाळणा माणसांसकट खाली आदळला होता. तेव्हा येत्या जत्रेत पोरांना डब्यात बसवाल तेव्हा आधी स्वतः वाकून पिन बघा. पूर्ण आत गेलेली नसेल, किंवा तिच्या जागी तार पिळलेली असेल, तर पोराला खाली उतरवा.