शेजारचा ख्रिस्ती

कल्याण-डोंबिवलीच्या गाडीत ‘ख्रिस्ती’ हा शब्द निघाला, की सहप्रवाशांच्या डोळ्यांपुढे झगा, बाटली आणि मोडके हिंदी उभे राहते. हे चित्र हिंदी चित्रपटांनी रंगविलेले. वर्गात मी ‘क्रिस्तपुराण’ शिकवू लागलो, की मुले म्हणूनच चकित होतात. गोव्यात राहिलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तकथा छापली आणि मराठीची थोरवीही गायिली!

मात्र सारा दोष पडद्याला देऊन चालावयाचे नाही. ठाणे-वसईकडील ख्रिस्ती मूळचे मराठी बोलणारे. त्यांच्या पुढाऱ्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकर ख्रिस्त्यांहून आपण निराळे, हे गोऱ्या साहेबाला दाखवावयाचे होते. साहेब गेला, नाव राहिले. मराठी शेजाऱ्याला मात्र ते परकेच वाटले.

मग चित्र पालटते कशाने? वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिक मराठीत चालविले, हरित वसईसाठी गुंडगिरीला तोंड दिले. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी त्यांची निवड झाली, तेव्हा ‘पाद्री कशाला?’ अशी ओरड झाली. तरी २०२० च्या जानेवारीत, प्रकृती साथ देत नसताना, ते अध्यक्ष म्हणून गेलेच. २०२४ साली ते निवर्तले.

जगाला आपण कसे दिसतो, याची चिंता चर्चने जरूर करावी. पण आधी शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे. आणि वाचकहो, आपणही पडदा बाजूला सारून ते ऐकावे!